टोपलीखालची वाळू

पहिल्या संध्याकाळी टोपल्यांखाली काहीच नव्हतं.

हॅचरीच्या जाळीच्या कुंपणाआड, वाळूत ओळीने पालथ्या घातलेल्या बांबूच्या टोपल्या कासवमित्राने एकेक करून उचलल्या. खालची वाळू वाकून निरखली आणि टोपल्या हलकेच पुन्हा झाकल्या. दोरीच्या अलीकडे साठ-सत्तर माणसं उभी होती. लहान मुलं पुढे, मोठी मागे, फोन सगळ्यांचे तयार. शेवटची टोपली खाली ठेवून तो वळला. "आज नाही आली. उद्या सकाळी सातला या," एवढंच म्हणाला. गर्दीतून कुणीतरी कुरकुरलं, की आम्ही पाच तास गाडी चालवून आलोय. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, ती त्यांच्या वेळेनं येतात. आम्ही फक्त राखण करतो."

'राखण' हा शब्द मला फार आवडला. आगराची राखण, शेताची राखण, तशी ही पुळणीची राखण. वेळासच्या किनाऱ्यावर वीस-बावीस वर्षांत जे घडलं ते या एका शब्दात मावतं.

वेळास रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी वरच्या टोकाला, मंडणगड तालुक्यात आहे. मुंबईकडून महाड-मंडणगडच्या रस्त्याने जाता येतं. आम्ही दोघी बहिणी मात्र हरिहरेश्वरहून निघालो आणि बागमांडल्याच्या जेटीवर गाडी फेरीबोटीत चढवली. महाबळेश्वरात उगम पावणारी सावित्री इथे समुद्राला मिळते. पलीकडे वेश्वीला उतरलं की रस्ता खाडीच्या कडेकडेने बाणकोटला येतो. वरचा किल्ला म्हणजे हिंमतगड. १७५६ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. बुरुजावरून खाडीचं मुख, समोरचं हरिहरेश्वर आणि दक्षिणेकडे सुरूच्या बनामागे लपलेली वेळासची पुळण, असं सगळं एका नजरेत येतं.

गाव समुद्राला लागून नाही. डोंगराच्या कुशीत नारळी-पोफळीच्या वाड्या, चिऱ्याचे गडगे, उतरत्या कौलांची घरं, आणि तिथून पुळणीपर्यंत वीसेक मिनिटांची चाल. नाना फडणवीसांचं भानू घराणं मूळचं इथलं. गावात त्यांचा पुतळा आहे. आम्ही उतरलो ते एका काकूंच्या घरी. ओटीवर गाद्या घातलेल्या, मागच्या पडवीत चुलीवर पाणी तापत असलेलं. जेवायला फणसाच्या कुयरीची भाजी, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सोलकढी. मार्च महिना होता, काजूच्या बोंडांचा वास साऱ्या वाडीत भरून राहिला होता. वाढता वाढता काकू म्हणाल्या, "आमच्या देवळात गाभाऱ्यापुढे दगडाचं कासव आहे. लहानपणापासून त्याच्या पाया पडत आलोय. आणि त्याच वेळी पुळणीवरची त्याची अंडी घरात शिजत होती. तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटलं नाही हो."

ही गोष्ट त्यांनी सरळ सांगितली, लपवली नाही. मला ते महत्त्वाचं वाटलं.

२००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेची माणसं समुद्रगरुडाची घरटी मोजत किनाऱ्याने हिंडत होती. संस्था खासगी, लोकवर्गणीवर आणि देणग्यांवर उभी. भाऊ काटदरे यांनी ती १९९२ मध्ये सुरू केली. वेळासच्या पुळणीवर त्यांना अंड्यांची टरफलं पडलेली दिसली. चौकशी केल्यावर कळलं, की ती सागरी कासवाची अंडी आहेत. माणसं खणून नेतात, उरलेली कुत्री आणि कोल्हे उकरतात. ऑलिव्ह रिडले जातीचं हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षित. पण कायद्याचं पुस्तक आणि रात्री दोन वाजताची अंधारी पुळण यांच्यात फार अंतर असतं. ते अंतर भरून काढायला कुणीतरी तिथे रात्री हजर असावं लागतं.

संस्थेने त्यासाठी गावातलीच माणसं घेतली; तेच हे कासवमित्र. मला सगळ्या कामात हा निर्णय सर्वांत शहाणपणाचा वाटतो. बाहेरून पगारी पहारेकरी आणले असते तर गाव विरुद्ध पहारेकरी असं भांडण लागलं असतं, आणि त्यात कासव हरलं असतं. पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली आणि अडीच हजारांवर पिल्लं समुद्रात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गडग्यावर बसलेले एक वयस्कर काका भेटले. पूर्वी ते स्वतः अंडी काढायचे. "कासवीण वर आली की वाळूवर माग उमटतो. ट्रॅक्टरच्या चाकासारखा, पण एका बाजूचं वल्हं पुढे, दुसऱ्या बाजूचं मागे. जातानाचा आणि येतानाचा माग वेगळा ओळखता येतो. दोन्ही जिथे मिळतात तिथे काठी टोचायची. बाकी वाळू घट्ट असते, घरट्यावर काठी भस्सकन आत जाते. मग हातानं उकरायचं." मी विचारलं, आता? ते म्हणाले, "आता तेच. फक्त टोपली हॅचरीत जाते, घरी नाही." ज्या हातांना घरटं शोधायचं कसब होतं, त्याच हातांना राखणीचं काम मिळालं. असं कसब कुठल्या प्रशिक्षण वर्गात शिकून येत नाही.

आता ही मादी करते काय ते सांगायला हवं, कारण ते जाणल्याशिवाय हॅचरीतल्या टोपलीची किंमत कळत नाही.

ऑलिव्ह रिडलेची पाठ दोन-सव्वादोन फूट लांब, वजन साधारण चाळीस किलो. कोकणात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या रात्री किनाऱ्यावर येतात. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, मागच्या दोन वल्ह्यांनी आळीपाळीने खणत सुमारे दीड फूट खोल खड्डा करतात. तोंडाशी अरुंद, खाली रुंद, अगदी मडक्यासारखा. खणताना तिला खड्डा दिसत नाही. सगळं काम पाठमोरं, नुसत्या स्पर्शावर. मग शंभर-सव्वाशे अंडी. टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी. कवच कोंबडीच्या अंड्यासारखं ठिसूळ नाही, चामड्यासारखं मऊ. त्यामुळे अंडी एकमेकांवर पडूनही फुटत नाहीत. नंतर ती वाळू ओढून खड्डा बुजवते आणि आपलं अंग डावी-उजवीकडे आपटून जागा चोपून घेते. तासाभरात सगळं आटोपून समुद्रात परत. ती पुन्हा या घरट्याकडे येत नाही. पिल्लांची आणि तिची भेट कधीच होत नाही.

ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे हजारो माद्या एकाच वेळी वर येतात. जगभरचे लोक ते पाहायला जातात. आपल्याकडे तसं नाही. इथे एक मादी एका रात्री येते, दुसरी कधीतरी चार दिवसांनी, दोन किलोमीटर दूर. एकेका घरट्याचा हिशेब ठेवायचा तर माणसाला रोज पुळण चालावी लागते. कासवमित्र पहाटे, माग अजून पुसला गेलेला नसताना, किनारा चालून येतात. घरटं सापडलं की अंडी शक्य तितक्या लवकर, न हेलकावता, टोपलीतून हॅचरीत आणतात आणि तितक्याच खोल, तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवतात. पाटीवर घरट्याचा क्रमांक, तारीख, अंड्यांची संख्या. तिथून पुढे पंचेचाळीस ते साठ दिवस वाळूच अंडी उबवते.

वाळूचं तापमान इथे सगळं ठरवतं. पिल्लू नर की मादी हे आईबापांकडून ठरून येत नाही. अंडं उबण्याच्या मधल्या काळात वाळू किती तापली यावर ते ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या वर गेली की माद्या जास्त, खाली राहिली की नर जास्त, आणि फारच तापली तर अंडी आतच मरतात. म्हणून कडक उन्हाच्या दिवसांत हॅचरीवर सावलीची जाळी ताणतात. कोकणातला उन्हाळा आता कसा कडाडतो हे आपण सगळेच अनुभवतो. इथे त्याचा परिणाम पाटीवरच्या आकड्यांत उतरतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सगळ्यांच्या आधी निघालो. पाणंदीतून खाली उतरताना पायाखाली सुरूच्या काड्यांचा मऊ थर, समोर समुद्राचा आवाज, पण समुद्र दिसत नव्हता. हॅचरीजवळ पोहोचलो तेव्हा पाच-सहा माणसंच होती. कासवमित्राने पहिली टोपली उचलली, दुसरी उचलली, तिसरीशी थांबला. मग मान वर करून हसला.

टोपलीखाली वाळू हलत होती. मधोमध वाटीएवढा खळगा पडला होता, आणि त्या खळग्यात काळपट करड्या रंगाची डोकी एकमेकांवर चढत होती. अंड्यातून बाहेर पडलेली पिल्लं एकेकटी वर येत नाहीत. वाळूखाली ती दोन-चार दिवस थांबतात, एकमेकांच्या अंगावरून सरकतात, वरची वाळू खाली पाडतात, आणि तीच वाळू पायाखाली घेत सगळी मिळून पायरी पायरीने वर चढतात. दीड फूट वाळू एकट्या पिल्लाला भेदणार नाही. सगळ्यांच्या धडपडीनेच ती वाट होते.

कासवमित्राने हातात मोजे घालून एकेक पिल्लू उचललं, मोजलं, टोपलीत ठेवलं. एक मला जवळून पाहता आलं. माझ्या अंगठ्याहून थोडं लांब. पाठीवर वाळूचे कण चिकटलेले. डोळे पाणीदार काळे. नाकाच्या टोकावर पांढरा ठिपका. तो अंडं फोडायचा दात, पुढे काही दिवसांत गळून जातो. पुढची दोन वल्ही हवेतच पोहत होती. पाण्याचा थेंबही अंगाला न लागलेला हा जीव पोहायची क्रिया मात्र घेऊनच आला होता.

चौऱ्याऐंशी पिल्लं. ती लाटांपासून दहा-पंधरा पावलं अलीकडे, ओल्या वाळूवर सोडली. थेट पाण्यात सोडत नाहीत, कारण त्या चालण्यातच त्यांना आपला किनारा ओळखीचा होतो आणि मोठ्या झालेल्या माद्या त्याच भागात परत येतात, असं अभ्यासक मानतात. काही सरळ निघाली, काही गोल फिरली, एक उलट दिशेने आमच्याकडे आलं आणि मग वळलं. पिल्लू उजळ क्षितिजाकडे चालतं. म्हणूनच किनाऱ्यावर दिवे, फोनचे फ्लॅश, गाड्यांचे हेडलाइट त्याला चुकवतात. पहिली लाट आली, सात-आठ उचलली गेली, तीन परत वाळूवर फेकली गेली. ती पुन्हा चालायला लागली. माझी बहीण, जी एरवी कुठल्याच गोष्टीने हलत नाही, ओठ दाबून उभी होती. वर घिरट्या घालणाऱ्या घारींना कासवमित्र हात हलवून हाकलत होता. हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं, असं म्हणतात. तरी तो त्या चौऱ्याऐंशींसाठी हात हलवत होता.

२००६ पासून इथे 'कासव महोत्सव' होतो. त्यातून गावाला पर्यटक मिळाले, घरोघर राहण्या-जेवणाची सोय झाली, काकूंसारख्या बायकांच्या हातात स्वतःचा पैसा आला. अंडी विकून सुटे पैसे मिळायचे. जिवंत पिल्लू पाहायला येणारा माणूस मात्र दोन दिवस राहतो, जेवतो, कोकम-आगळ घेऊन जातो. हा हिशेब गावाला पटला, आणि तो पटवण्यात संस्थेचं मोठं काम आहे. पण मला महोत्सवाची काळजीही वाटते. सुट्टीच्या दिवशी पुळणीवर शेकडो माणसं उतरतात. काही जण दोरी ओलांडतात, पिल्लाशेजारी पाय ठेवून फोटो काढतात. पिल्लं न दिसल्यास पैसे वाया गेल्यासारखा चेहरा करणारे तर मी पहिल्याच संध्याकाळी पाहिले. वेळासला जाणाऱ्याने हे मनात पक्कं करून जावं, की कदाचित रिकामी टोपलीच दिसेल, आणि ती पाहायलाही जाण्याजोगी आहे.

संस्थेने हे काम काही वर्षांनी वनविभागाच्या आणि गावाच्या हाती सोपवलं. वेळासची पद्धत पाहून आंजर्ले, गुहागर आणि पुढे सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत हॅचऱ्या उभ्या राहिल्या. आपण सुरू केलेलं काम दुसऱ्याच्या हातात देऊन बाजूला होणं अनेक संस्थांना जमत नाही. नावाची पाटी सुटत नाही. इथे ते जमलं म्हणून काम टिकलं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. संस्था मोकळी झाली आणि दुसरीकडे वळली. वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवर पाकोळ्यांची लाळेची घरटी चोरून विकली जात होती, तिथे ती आधीपासूनच लढत होती. अलीकडे खवले मांजरासाठी चिपळूण तालुक्यातल्या गावांत फिरते आहे. २०२० मध्ये डुगवे गावात खवले मांजराची प्रतिकृती पालखीत ठेवून 'खवलोत्सव' झाला. जनावर वाचवायचं तर ते गावाच्या पालखीत बसवावं, ही कल्पना कोकणातल्या माणसालाच सुचू शकते.

किनारा राखला तरी समुद्र राखायचा उरतोच. कासव हवा घेणारा प्राणी. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलं आणि जाळं वेळेत वर आलं नाही, की ते बुडून मरतं. डिसेंबर २०१८ पासून राज्यात एक योजना आहे: अडकलेलं कासव किंवा दुसरा संरक्षित जीव सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळं हे कोळ्याचं पोट आहे. ते कापायला लावायचं तर पोटाची भरपाई द्यायलाच हवी; हे उशिरा का होईना सरकारला उमगलं याचा मला आनंद आहे.

आणि ही कासवं जातात तरी कुठे? २५ जानेवारी २०२२ रोजी वेळासच्या पुळणीवर अंडी घालून परत निघालेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं गेलं. पश्चिम किनाऱ्यावरची अशी पहिलीच, म्हणून नाव ठेवलं 'प्रथमा'. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली 'बागेश्री' दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. त्याहून थक्क करणारी गोष्ट २०२५ च्या जानेवारीत घडली. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची चकती होती, क्रमांक ०३२३३. ती चकती २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती! म्हणजे तीच मादी पूर्व किनाऱ्यावरही अंडी घालते आणि आपल्याकडेही. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. आपण ज्याला 'आपलं कासव' म्हणतो ते ओडिशाचंही आहे, हे तिने दाखवून दिलं.

निघायच्या दिवशी सकाळी हॅचरीत एक जुनं घरटं उघडायचं होतं. शेवटचं पिल्लू बाहेर पडल्यावर काही दिवस थांबून ते खणतात. कासवमित्राने कोपरापर्यंत हात आत घातला आणि आतलं सगळं वर काढून वाळूवर मांडलं. रिकामी टरफलं एका बाजूला. न फळलेली अंडी दुसऱ्या बाजूला. अर्धवट वाढून मेलेली दोन पिल्लं तिसऱ्या बाजूला. त्याने वहीत आकडे लिहिले, एकेक करून, मोठ्याने म्हणत. मी एक टरफल हातात घेतलं. ओल्या कागदासारखं मऊ, एका टोकाला फाटलेलं, आत वाळू भरलेली.

मग त्याचा हात आत थबकला. खड्ड्याच्या तळाशी, टरफलांच्या गुंत्यात एक पिल्लू अडकलं होतं, जिवंत. बाकीची गेली आणि हे एकटं राहिलं. एकट्याला वर चढता येत नाही, हे मी दोनच दिवसांपूर्वी शिकले होते. त्याने ते बाहेर काढलं, पाठीवरची वाळू बोटाने झटकली, आणि वहीतला ८१ हा आकडा खोडून त्याच्याशेजारी ८२ लिहिला. तोवर ऊन चढायला लागलं होतं. "आत्ता सोडलं तर घार नेईल," तो म्हणाला. ओल्या वाळूने भरलेल्या टोपलीत ते ठेवून, वर ओलं फडकं टाकून, त्याने टोपली सावलीला सरकवली. संध्याकाळी सहाला सोडणार होता.

आमची गाडी अकराला निघायची होती. आम्ही ती रद्द केली.